जुन्या डिझेल पिकअपसाठी इंधनदाब तपासणीचा संच : गेजपेक्षा बाटल्या मोलाच्या

ऑनलाइन बाजारात डिझेल गाड्यांच्या इंधनदाब तपासणीसाठी म्हणून जो संच मिळतो, त्याच्यावर बहुधा कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा शिक्का नसतो. तीच प्लास्टिकची पेटी आणि तेच साहित्य निरनिराळे विक्रेते निरनिराळ्या नावांनी विकतात. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ब्रँडचे नसून या प्रकारच्या संचाचे आहे, असे वाचकांनी समजावे. माझ्याकडे आलेल्या पेटीत शून्याच्या एका बाजूस ओढ (व्हॅक्युम) आणि दुसऱ्या बाजूस दाब दाखवणारा एक गेज, पितळी टी-जोड, पारदर्शक नळी, मापाच्या खुणा असलेल्या चार बाटल्या, त्या इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) रिटर्नला, म्हणजे उरलेले डिझेल परत नेणाऱ्या वाटेला, जोडण्यासाठी बारीक नळ्या व टोके, काही बुचे आणि रेलची (दाबलेले डिझेल साठवून इंजेक्टरांना वाटणाऱ्या जाड नळीची) तोंडे बंद करण्यासाठी पोलादी टोप्या एवढ्या वस्तू होत्या. संपूर्ण पेटीची किंमत एका नव्या इंजेक्टरच्या किमतीपेक्षा बरीच कमी आहे आणि तिचे मोल ठरवताना हीच तुलना समोर ठेवणे योग्य होईल.

ज्या गाडीवर हा संच वापरला, ती कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल मिळणारी, डिझेल पिकअप असून देशभर बीएस-४ हे प्रदूषण-मानक सक्तीचे झाले त्या १ एप्रिल २०१७ च्या बऱ्याच आधीची आहे. अंबड तालुक्यातील बागांमधून मोसंबी भरून ती जालन्याच्या बाजार समितीत जाते आणि हंगामात शहागड, गेवराई, बीड या मार्गाने सोलापूरपर्यंतही जाते. तक्रार दोन प्रकारची होती. रिकामी गाडी निमूट चालत असे. भरलेली गाडी बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की मात्र मध्येच दम सोडत असे, इंजिनाचा दिवा लागत असे आणि बाजूला उभी करून चावी बंद-चालू केल्यावर पुन्हा काही वेळ सुरळीत चालत असे. दुसरी तक्रार उन्हाळ्यातली होती. सकाळी पहिल्याच स्टार्टरला सुरू होणारी ही गाडी दुपारी चहापाण्यासाठी थांबवली, तर पुन्हा सुरू होताना बराच वेळ नुसती फिरत राहत असे. स्कॅनर लावल्यावर पी००८७, म्हणजे रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी, हा कोड आला आणि कोड पाहताक्षणी ‘मालक, पंप गेला’ असा निकाल एका गॅरेजमध्ये देण्यात आला. पंप गेला असे म्हणणे सोपे असते, कारण त्याचा खर्च सांगणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

संचाची उपयुक्तता समजण्यासाठी डिझेलचा मार्ग थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. टाकीतील जाळीतून निघालेले डिझेल फिल्टरमधून मुख्य पंपाकडे येते. त्याला ओढून आणणारा छोटा गिअर पंप अनेक गाड्यांमध्ये मुख्य पंपाच्याच पाठीवर बसवलेला असतो. किती डिझेल आत जाऊ द्यायचे ते मीटरिंग व्हॉल्व्ह ठरवतो, मुख्य पंप ते दाबून रेलमध्ये भरतो, रेलवरचा सेन्सर दाब मोजून ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळवतो आणि इंजेक्टर हवे तेवढे फवारून उरलेले रिटर्न नळीने परत पाठवतात. बॉशच्या पहिल्या पिढीच्या कॉमन रेलमध्ये कमाल दाब सुमारे १,३५० बार आणि दुसऱ्या पिढीत सुमारे १,६०० बार असतो. इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू, असताना मात्र साधारणपणे २५० ते ३५० बार पुरतात. त्यामुळे अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जे ठीक दिसते ते टनभर मोसंबी घेऊन घाट चढताना ठीक असेलच असे नाही, आणि गॅरेजच्या दारात आयडलवर बघून दिलेला कोणताही निकाल, मग तो पंपाच्या बाजूने असो वा विरुद्ध, अर्धवटच असतो.

दाब तीन ठिकाणी हरवू शकतो. पंपापर्यंत डिझेल पुरेसे येत नसेल, आलेले डिझेल पंप दाबू शकत नसेल, किंवा पंपाने दाबलेले डिझेल इंजेक्टरच्या रिटर्नमधून वाहून जात असेल. पी००८७ हा कोड या तिन्ही प्रसंगी सारखाच उमटतो. हा संच पहिला आणि तिसरा प्रश्न बऱ्याच खात्रीने निकाली काढतो. पंपाचा प्रश्न तो थेट सोडवत नाही, परंतु बाकीचे दोन सुटले की मगच पंपाकडे बोट दाखवता येते. सर्वांत महागडा भाग सर्वांत शेवटी उघडावा, एवढ्याच हेतूने मी ही पेटी मागवली आणि तो हेतू पूर्ण झाला, हे आधीच सांगून टाकतो. त्रुटी पुढे येतीलच.

खरेदी करताना पाहण्याची पहिली बाब म्हणजे गेज दुहेरी असणे. सुट्या भागांच्या दुकानात इंधनदाबाचा गेज मागितला, तर पुष्कळदा पेट्रोल गाड्यांसाठीचा, केवळ दाब दाखवणारा गेज पुढे केला जातो. पेट्रोलच्या इंजेक्शन गाड्यांत टाकीतला विजेचा पंप साधारणपणे तीन ते चार बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून तेथे तो गेज योग्यच आहे. ज्या डिझेल पिकअपमध्ये टाकीत पंपच नाही आणि गिअर पंप स्वतः डिझेल ओढतो, तेथे फिल्टर ते पंप या नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. अशा नळीवर पेट्रोलचा गेज लावला तर काटा शून्यावरून हलणारच नाही, आणि तो हलला नाही म्हणून धडधाकट पंप निकामी ठरवला जाईल. आपल्या गाडीत टाकीतला पंप आहे की नाही, हे ओळखण्याची साधी रीत म्हणजे चावी फिरवून स्टार्टर न मारता कान देणे. विजेचा पंप असेल तर टाकीच्या बाजूने काही क्षण बारीक गुणगुण ऐकू येते. ज्यांच्या गाडीत तो आहे, त्यांना याच गेजची दाबाची बाजू उपयोगी पडेल.

गेज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी मी त्याची परीक्षा गाडीवरच घेतली. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरसाठी स्वतंत्र व्हॅक्युम पंप असतो. इंजिन बंद ठेवून बूस्टरची नळी काढावी, ती गेजला जोडावी आणि उभ्या गाडीत इंजिन सुरू करावे; काटा उणे ०.८ ते ०.९ बारच्या आसपास स्थिरावला की ओढीची बाजू विश्वासार्ह समजायला हरकत नाही. जालना परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचाच दाब ०.९५ बारच्या जवळपास असतो. म्हणून आपल्याकडे कोणताही खरा गेज उणे १ पर्यंत पोचू शकत नाही आणि पोचला तर तोच सदोष समजावा. माझ्या संचातील गेज या परीक्षेत उतरला. शून्यावर परतताना तो किंचित अलीकडे थांबतो, परंतु येथे जे निर्णय घ्यायचे आहेत ते एवढ्या फरकाने बदलत नाहीत. परीक्षा झाल्यावर बूस्टरची नळी नीट बसवून, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून पाहणे मात्र कोणीही टाळू नये.

आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ. गेज टी-जोडाने प्रथम फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये लावावा. येथे दिसणारी ओढ म्हणजे टाकीतली जाळी, लांबलचक नळी आणि फिल्टर या सर्वांनी मिळून केलेला अडथळा. निकोप गाडीत आयडलवर ही ओढ अगदी थोडी, उणे ०.१ बारच्या आगेमागे, असते आणि इंजिनाचे फेरे वाढवल्यावर काहीशी वाढते. ती उणे ०.४ किंवा ०.५ च्या पलीकडे जाऊ लागली तर पंप उपाशी आहे, असे समजण्यास जागा आहे. अंतिम मर्यादा अर्थातच त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मानावी. यानंतर तोच गेज फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये, लावून पाहावा. दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक हा फिल्टरचा वाटा होय. फिल्टरच्या पलीकडे ओढ जास्त आणि अलीकडे नगण्य असेल तर फिल्टर तुंबला आहे. दोन्हीकडे जवळपास सारखीच जास्त असेल तर फिल्टर निर्दोष असून अडथळा टाकीकडे आहे. एकाच गेजची जागा बदलून मिळणारी ही माहिती संचासोबतच्या पत्रकात कोठेही दिलेली नाही. पत्रक इंग्रजीत, तेही मोडके असून त्यातील आकृत्या बहुधा दुसऱ्याच कुठल्या संचाच्या आहेत.

माझ्या पिकअपवर आयडलचा आकडा बरा होता, परंतु भार पडल्यावर काय होते हे कळण्यासाठी गेज घाटापर्यंत न्यावा लागला. त्यासाठी नळी बॉनेटखालून बाहेर काढून गेज समोरच्या काचेबाहेर, वायपरजवळ, घट्ट बांधला. नळी केबिनमध्ये कधीही घेऊ नये. जोड सुटला तर डिझेल अंगावर येईल आणि टर्बो वा सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडले तर आगीचा धोका आहे. म्हणून बॉनेटखालीही नळीचा मार्ग या दोन्हींपासून दूर ठेवला. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहावे आणि काटा शेजारच्याने वाचावा. भरलेल्या गाडीत चढावर काटा उणे ०.५ च्याही खाली गेला आणि त्याच सुमारास गाडीने दम सोडला. फिल्टरच्या अलीकडेही ओढ जवळपास तेवढीच निघाली. टाकीचे झाकण उघडून पाहिले. झाकणातली हवेची वाट आपल्याकडच्या धुळीने बुजली तर टाकीतच पोकळी तयार होते आणि झाकण फिरवताच सूं असा आवाज येतो, परंतु येथे तसे काही नव्हते. टाकीची नळी बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिन चालवले तेव्हा वाढलेल्या फेऱ्यांवरही काटा जागचा फारसा हलला नाही. टाकी उतरवल्यावर आतली जाळी काळपट चिकट गाळाने माखलेली आढळली.

शेतावर प्लास्टिकच्या ड्रममध्ये डिझेल साठवून ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्हींत ओतण्याची जी सवय आपल्या भागात आहे, तिच्याकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. पहिल्या पावसात ड्रममध्ये उतरणारा ओलावा तळाशी पाणी होऊन साचतो, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतूंची वाढ होते आणि तोच गाळ पुढे जाळीवर बसतो. जाळीत न अडलेला गाळ आणि पाणी पुढे पंपाच्या आणि इंजेक्टरच्या त्या भागांपर्यंत पोचू शकतात, जेथील फट काही मायक्रॉनांची असते.

पारदर्शक नळी ही या संचातली दिसायला सर्वांत किरकोळ वस्तू आहे, पण गेज जे सांगू शकत नाही ते ती दाखवते. ओढीच्या बाजूला एखादा जोड सैल असेल तर त्यातून डिझेल बाहेर न पडता हवा आत शिरते. त्यामुळे इंजिन चालू असताना बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि गेजवरची ओढही कमीच राहते. कमी ओढ म्हणजे निरोगी नळी, असा निष्कर्ष त्यावरून काढला तर तो चुकतो. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळी बसवली की हवेची माळ डोळ्यांना दिसते. नळी नुकतीच जोडल्यावर पहिले थोडे बुडबुडे येणे स्वाभाविक आहे; हात-प्रायमरने (हाताने दाबून डिझेल भरण्याच्या छोट्या पंपाने) हवा काढून इंजिन काही मिनिटे चालल्यावरही ते येत राहिले तर गाडी एअर घेत आहे. शेजारच्या वस्तीवरील एका पिकअपला सकाळी फार वेळ स्टार्टर मारावा लागत असे. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरून जाते, अशी शंका होती. नळी लावताच बुडबुड्यांची माळ दिसली. संशयित जोडांवर एकेक करून ग्रीस चोपडले, तेव्हा हात-प्रायमरच्या जोडाशी ती थांबली. तेथील उन्हाने कडक झालेली रबरी नळी आणि क्लिप बदलण्यापलीकडे त्या गाडीला काहीही लागले नाही.

तरीही, संचातील कोणती वस्तू एकटी मिळत असती तर घेतली असती असे विचारले, तर मी चार बाटल्यांकडे बोट दाखवीन. प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावरची रिटर्न नळी काढून तेथे बाटलीची नळी जोडायची आणि ठरावीक वेळ इंजिन आयडलवर ठेवून कोणत्या बाटलीत किती डिझेल जमा होते ते पाहायचे, एवढीच ही चाचणी आहे. यात बाटलीतल्या मिलिलिटरच्या आकड्यापेक्षा चारही बाटल्यांची आपसांतली तुलना महत्त्वाची असते. तीन बाटल्या एका उंचीवर आणि चौथी त्यांच्या दुपटी-तिपटीवर असेल, तर त्या इंजेक्टरचा आतला व्हॉल्व्ह गळतो आहे. पत्रकात न सांगितलेली, पण चुकवू नये अशी एक गोष्ट म्हणजे गाडीच्या मूळ रिटर्न नळीचे मोकळे झालेले तोंड संचातल्या बुचाने बंद करणे. पंपाचे स्वतःचे रिटर्नही अनेक गाड्यांत त्याच नळीला मिळते, त्यामुळे तोंड उघडे राहिले तर इंजिन सुरू होताच तेथून डिझेल बाहेर पडू लागते.

ही चाचणी इंजिन पूर्ण तापल्यावर करावी, हा माझा आग्रह आहे आणि त्याला आपल्या हवामानाचा आधार आहे. डिझेल जितके तापते तितके ते पातळ होते, आणि पातळ डिझेल झिजलेल्या फटींतून अधिक वेगाने निसटते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे; त्यात नुकत्याच थांबवलेल्या इंजिनाची धग मिळाली की सकाळी चालून जाणारी गळती दुपारी असह्य होते. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत स्टार्टर फिरत असताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. आमच्या गाडीत थंड असताना हा दाब झटकन तयार होत असे आणि गरम असताना आकडा १५० बारच्या अलीकडे घुटमळत असे, हे स्कॅनरवर दिसले. बाटल्या लावून गरम इंजिनावर नुसता स्टार्टर मारला, तेव्हा तीन बाटल्यांचे तळ जेमतेम ओले झाले आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बाटलीत डोळ्यांत भरेल एवढे डिझेल आले. आयडलवरही तीच बाटली इतरांच्या दुपटीहून पुढे गेली. तो एकच इंजेक्टर पंप-नोझलच्या कारागिराकडे टेस्ट बेंचवर पाठवला असता गळती तेथेही सिद्ध झाली. दुरुस्तीनंतर तो बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घ्यावे. आणि ज्या इंजेक्टरच्या डोक्यावर जुळणीचा कोड छापलेला असतो, त्यांत नवा इंजेक्टर घातल्यास तो कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरून घ्यावा.

म्हणजे घाटातला दम टाकीतल्या जाळीने घेतला होता आणि दुपारचा स्टार्टर एका इंजेक्टरने अडवला होता. दोन्ही तक्रारींचा कोड एकच असला तरी कारणे दोन होती. ज्या पंपाला दोषी ठरवले होते, तो उघडावाही लागला नाही. पूर्ण भाराखाली रेलचा प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबाच्या अजूनही थोडा मागे राहतो, ते पंपाच्या वयाचे लक्षण असावे, असे मी धरून चाललो आहे. मात्र त्यासाठी गाडी अडत नाही.

आता त्या पोलादी टोप्यांविषयी. रेलवरून एका इंजेक्टरची नळी काढायची, तेथे टोपी बसवायची आणि दाब वाढतो का ते पाहायचे, असा त्यांचा उपयोग सांगितला जातो. अधिकृत कार्यशाळेत, प्रमाणित साहित्याने हे करणारे प्रशिक्षित लोक आहेत. परंतु कोणत्या पोलादाची, कोणत्या दाबासाठी घडवलेली, याचा एकही शिक्का नसलेली टोपी हजार बारच्या पुढे जाऊ शकणाऱ्या रेलवर बसवणे मी नाकारले आणि इतरांनीही नाकारावे. पेटीतून त्या काढून टाकल्या तरी संचाचे मोल कमी होत नाही. याच्याशीच जोडून एक जुनी सवय सांगणे भाग आहे. पूर्वीच्या साध्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपचे नट एकेक करून सैल करायचे आणि कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते ओळखायचे, ही पद्धत मिस्त्री मंडळींच्या हातात बसलेली आहे. कॉमन रेलवर ती प्राणावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतेही फारसे नाही, परंतु आतली पेशीजाल नासत जाते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. उच्च दाबाच्या कोणत्याही नटाला हात लावण्याआधी इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, आणि गळती कधीही बोटाने चाचपू नये.

संच जे करू शकत नाही, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. रेलमधला प्रत्यक्ष दाब या गेजने मोजता येत नाही. तो स्कॅनरवरच वाचावा लागतो, आणि तोही अपेक्षित दाब व प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण बीएस-३ काळातील अनेक पिकअपवर हे आकडे दाखवत नाही, त्यामुळे सर्व कंपन्यांच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजची मदत घ्यावी लागते. स्कॅनर हाताशी असेल तेव्हा आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवून इंजिन सुरू न करता रेलचा दाब किती दिसतो. तो शून्याच्या जवळ आणि सेन्सरचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास असले पाहिजे. बंद इंजिनातही चाळीस-पन्नास बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटे बोलते आहे, आणि मग बाटल्या लावण्याचीही गरज नाही. बॅटरी दुबळी असल्यास स्टार्टर हळू फिरतो आणि त्यामुळेही दाब चढत नाही, तेव्हा ती आधी तपासावी.

टिकाऊपणाच्या बाबतीत संच मध्यम आहे. पितळी जोड चांगले निघाले. पारदर्शक नळी डिझेलच्या संगतीत लवकरच पिवळी आणि कडक होते. तिच्याऐवजी इंधनासाठी बनवलेली नळी मीटरवर विकत घेऊन ठेवणे चांगले, आणि जुनी नळी गाडीवर कायमची बसवून ठेवण्याचा मोह टाळावा. सोबत दिलेल्या क्लिपा घट्ट करताना नळीत रुततात, त्या मी पहिल्याच वापरानंतर बदलल्या. बाटल्यांवरच्या छापील खुणा डिझेलने पुसल्या जातात. तुलना करायची असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही, तरीही टोकदार खिळ्याने ओरखडून घेतल्यास बरे. बाटल्या टांगण्याचा पत्र्याचा आकडा गंजला, त्याची जागा तारेच्या हुकने घेतली.

मागवण्यापूर्वी आपल्या इंजेक्टरचा फोटो विक्रेत्याला पाठवून रिटर्नची टोके जुळतात का, हे लेखी विचारून घ्यावे. बॉशच्या आणि डेल्फीच्या इंजेक्टरची ही टोके वेगळी असतात आणि अनेक पेट्यांत फक्त बॉशची टोके भरलेली असतात. डेल्फीची वेगळी मागवावी लागतात. साध्या यांत्रिक पंपाच्या, कॉमन रेलच्या आधीच्या पिकअपसाठी गेज आणि पारदर्शक नळी उपयोगी पडते, परंतु बाटल्यांचा तेथे उपयोग नाही. अशा गाडीच्या मालकांनी पूर्ण संच न घेता दुहेरी गेज, दोन टी-जोड आणि नळी सुटी घ्यावी. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हायड्रॉलिक साहित्याच्या दुकानांत ती विचारून पाहण्यासारखी आहे.